मासिमांच्या डोक्यावरचा घोडा

बोलण्यात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही, आमची अख्खी बार्शी म्हणते. माहेरी एखादा पाहुणा चार दिवस झाले तरी हलेना की आई मला त्याच्या शेजारी नेऊन बसवायची. पाचव्या दिवशी पाहुणा सकाळच्या एसटीत! तर अशा बाईला एका भुताशी बोलायचं काम आलं, तेव्हा तिनं घाबरावं का? छट्! मी म्हटलं, "एवढंच ना? सांगते त्याला."

आधी भूत कुणाचं ते सांगते. माझा नवरा अरुण केंद्र सरकारच्या नोकरीत. जूनमध्ये त्याची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही बालीगंजमधल्या एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालकीण, शेफाली मासिमा, म्हणजे मावशी. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी यामिनी बंगळुरूला. मासिमा मला 'बौमा' म्हणतात, म्हणजे सूनबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटीभर माशाचं कालवण वर पाठवलं. आम्ही शुद्ध शाकाहारी! शेवटी ते मांजराच्या नशिबी गेलं आणि वाटीत शेंगदाण्याची चटणी भरून मी ती परत दिली. तेव्हापासून आमचं जे काही मेतकूट जमलं, विचारू नका. आम्ही हिंदीत बोलतो. त्यांची हिंदी बंगाली, माझी सोलापुरी. हिंदीवाल्यानं ऐकलं तर तोच गाव सोडून जाईल.

कालीपूजेनंतरची, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका सकाळी मासिमांनी मला चहाला बोलावलं, पण स्वतःच्या कपाला हातही लावला नाही.

"बौमा, कुणाला सांगणार नाहीस ना?"

"अजिबात नाही!" (मी हे आजवर ज्यांना ज्यांना म्हटलंय, त्यांनी कृपया गप्प बसावं.)

"माझ्या खोलीवर बर्गी येतो."

"बर्गी? म्हणजे कोण?"

मासिमा इतक्या अवघडल्या की बस. "राग मानू नकोस हं. तुमच्यातलाच आहे तो."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी गारच पडले. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगालवर चालून आले होते, तेच हे बर्गी. गावं लुटली, पिकं जाळली, माणसं नदी ओलांडून पळाली. अजूनही पोर झोपत नसेल तर आया म्हणतात, झोप बाळा, बर्गी येईल! आता बघा, आम्ही शाळेत घोडदौडीच्या गोष्टी छाती फुगवून शिकलो. त्या घोड्यांच्या पुढ्यात कुणाचं तरी घर होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं! आमच्याकडे पोरांना बागुलबुवाची भीती घालतात. इथे बागुलबुवा म्हणजे आम्ही! मला अगदी शरमल्यासारखं झालं.

मासिमांच्या आजीची त्यावर एक खास गोष्ट होती. त्यातलाच एक स्वार टोळीपासून चुकला, तापानं फणफणला आणि यांच्या परसातल्या फणसाखाली मेला. तेव्हापासून तो आपली माणसं शोधत हिंडतो.

"मग इतकी वर्षं कुठे होता?" मी विचारलं.

"दरवर्षी भूतचतुर्दशीला मी चौदा दिवे लावायची ना! यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मागच्या दाराशी वाकताच येईना, तिथला दिवा राहिला. तिथूनच आत आला." त्यांनी छताकडे बोट केलं. "रोज दिवेलागणीनंतर येतो. टप टप टप ठक. टप टप टप ठक. घोडा एका पायानं लंगडा असावा."

आमच्या नरकचतुर्दशीलाच यांची भूतचतुर्दशी. त्या पहाटे मी वर उटणं लावून, कारीट फोडून, 'गोविंदा गोविंदा' ओरडले होते. त्या आवाजानं भूत जागं झालं असलं तर? पण हे मी मनातच ठेवलं.

"यामिनीला सांगितलंत?"

"तीच तर चूक झाली!" मासिमांचे डोळे भरून आले. "ती म्हणते, आई, तुला भास होतायत. आता एकटी राहू नकोस. रविवारी न्यायला येतेय. सतराव्या मजल्यावर! बौमा, मी या घरात जन्मले. नवरासुद्धा लग्न करून इथेच आणला. तो घोडा गेला तर मला कुणी नेणार नाही. तू सांग ना त्याला. इतक्या वर्षांत त्याच्या भाषेत त्याच्याशी कुणी बोललंच नसेल."

आता यावर नाही कोण म्हणेल?

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मी अरुणला सगळं सांगितलं. दिवाळीत माझा भाऊ केदार पोतंभर ज्वारी घेऊन आला होता, त्यामुळे पाच महिन्यांचा पोळ्यांचा वनवास संपला होता. इथला ओटा माझ्या गळ्याशी येतो. म्हणून मी खाली बसून, चौरंगावर परात ठेवून भाकरी थापते. चौरंगाचा एक पाय आखूड आहे.

"त्या पायाखाली कागद घाल गं, डोकं उठतं," अरुण म्हणाला.

"आधी बर्गीचं सांगा!"

"बर्गी म्हणजे बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं तो. आणि ते कोलकात्यात शिरलेच नाहीत कधी. लोकांनी नुसत्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, तोही अर्धवट राहिला."

"म्हणजे घोडा सरकारी, नेमणूक परमुलखात आणि परत जायचा हुकूम नाही?" माझा हात परातीतच थांबला. "अहो, हा तर तुमच्याच खात्यातला!"

मला त्या भुताची एकदम दयाच आली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मासिमांच्या खोलीत ठाण मांडलं. छताकडे बघून सुरुवात केली. "हे बघ भाऊ, कुठल्या गावचा तू? घरी आई असेल, वाट बघून बघून गेली असेल रे. पुरे आता. ही म्हातारी तुला घाबरते. हिनं तुझं काय वाकडं केलंय? मला कळतं तुझं. इथे कुणी आपलं बोलत नाही. मी सकाळपासून गप्प असते. नवरा दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन मोजे कुठे आहेत याबद्दल..." आणि काय सांगू, भुताची समजूत घालता घालता मीच पदरानं डोळे पुसायला लागले! मासिमांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

वर टाप नाही, ठक नाही. सगळं शांत!

"गेला!" मी म्हटलं.

विजयी मुद्रेनं वर आले. अरुण भुकेनं कावलेला. भराभरा भाकऱ्या थापायला बसले. दुसरी तव्यावर पडते न पडते तोच मासिमांचा फोन!

"बौमा! तू गेलीस आणि तो आला! चिडलाय, आज चौखूर उधळलाय!"

मी चार-चार पायऱ्या उतरत खाली गेले. खोलीत सगळं चिडीचूप.

"बघ," मासिमा कुजबुजल्या, "तू आलीस की थांबतो. तुला टरकून आहे!"

माझी छाती जी फुगली म्हणता!

आता तुम्ही हसत असाल. हसा. पण स्वतः केलेला आवाज माणसाला ऐकू येत नाही. घोरणाऱ्याला विचारा.

माझी मैत्रीण मंजुषा, तिचे यजमान फौजेत, इथेच फोर्ट विल्यमला राहते. तिनं फोनवर निकाल दिला. "नुसत्या गप्पांनी काय होतंय? उपाशी माणूस हलतो का कुठे? त्याला नैवेद्य दाखव, पिठलं-भाकरी!" शुक्रवारी मी नैवेद्याच्या म्हणून पाच भाकऱ्या जास्त केल्या. फोन आला, "बौमा, तो खूप वेळ फिरतोय!" शनिवारी दहा केल्या. "बौमा, आता आणखी स्वार आलेत!" मासिमांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. जेवण टाकलं. रविवारी यामिनी येणार आणि माझ्या उपायांनी दुखणं वाढतच चाललेलं. मला त्या रात्री अन्न गोड लागेना. मासिमा गेल्या तर मी कुणाशी बोलू?

"मी येते," मंजुषा म्हणाली. "अख्ख्या टोळीला पुरेल एवढं करू. पोटभर वाढू, दहीभात हातावर ठेवू आणि वाटेला लावू."

रविवारी संध्याकाळी ती स्वतःची परात घेऊन हजर झाली. एका परातीवर ती, दुसरीवर मी. पदर खोचले आणि जो धडाका लावला! शेजाऱ्याच्या कुत्र्यानंही भुंकायला सुरुवात केली. तेवढ्यात खाली टॅक्सी थांबली. यामिनीचा आवाज आला. आणि मग एक किंकाळी! आईची नव्हे, मुलीची!

धाड धाड जिना चढून यामिनी आमच्या दारात. एका हातात बॅग तशीच, चेहरा पांढराफटक. "भाभी! खाली... वर... घोडे! मी स्वतः ऐकले! पुष्कळ घोडे!"

आम्ही दोघी थापायच्या थांबलो.

"थांबले," यामिनी म्हणाली.

मंजुषानं राहिलेली भाकरी थापायला घेतली. टप टप.

"आले!" यामिनी ओरडली. मग तिनं मंजुषाच्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या चौरंगाकडे. "भाभी, तुम्ही थापा बघू."

मी थापली. टप टप टप ठक.

खालून मासिमांचा आवाज, "तोच! तोच तो लंगडा!"

धरणीमाते, पोटात घे! पिठानं भरलेले हात तसेच घेऊन मी खाली गेले. मासिमांपुढे उभी राहिले. बोलण्यात कुणाला हार न जाणारी मी, पण तोंडातून शब्द फुटेना. "मासिमा, बर्गी मीच आहे," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्यांनी माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखं हसू लागल्या. हसता हसता रडल्या. यामिनीही माझ्यामागून येऊन पायरीवर बसून हसत होती. "आई, तुला भास नाही गं होत. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

बंगळुरूचं तिकीट रद्द झालं. त्या रात्री चौघींनी पंगत मांडली. पिठलं-भाकरी, आणि यामिनीनं आईसाठी रांधलेला मासा. मासिमांनी भाकरी माशाच्या रश्श्यात कुस्करली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"मासिमा, उद्यापासून पोळ्याच करीन," मी म्हटलं. "निदान चौरंगाखाली कागद तरी घालते."

"खबरदार!" त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून तुम्ही येईपर्यंत माझ्या डोक्यावर कुणी चालल्याचा आवाज नव्हता. मी भ्यायची, खरं आहे. पण बौमा, रोज संध्याकाळी कुणीतरी घरी येतंय, असंही वाटायचं मला. घोडा तसाच राहू दे, लंगडा."

तेव्हापासून चौरंग तसाच आहे. अरुणनं एकदा गुपचूप कागद घातला होता, तो मी काढला. पहिली भाकरी थापली की खाली मासिमा पान वाढून घेतात.

परवा मात्र आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. अरुणनं चक्क आपण होऊन मला एस्प्लनेडला जेवायला नेलं. पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे, लोक कुजबुजत बोलतायत. ऑर्डर दिली आणि फोन वाजला.

"बौमा," मासिमांचा आवाज अगदी बारीक, "आज बर्गी आला नाही. तुझी तब्येत बरी आहे ना?"

"आहे, आहे! तुम्ही जेवलात का?"

"कशी जेवू? घोडा कुठे आलाय अजून?"

मी फोन टेबलावर ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. आणि दोन्ही हातांनी टेबल थापायला लागले. टप टप टप, आणि ठकसाठी चमचा.

"हां, आला!" फोनमधून समाधानाचा आवाज आला. "वाढून घेते आता."

अरुणनं मेन्यूकार्डामागे तोंड लपवलं होतं. आणि वेटर धावत माझ्यासमोर येऊन हात जोडून उभा होता. "मॅडम, फक्त पाच मिनिटं! प्लीज, टेबल वाजवू नका, जेवण येतच आहे!"