सानगडीच्या बाजारात निघालेला टिनाचा गडी

सत्यवतीबाईंचा टिनाचा गडी दोन चाकांवर उभा राहिला, ही गोष्ट आधी त्यांच्या सासूबाईंना कळली, आणि संध्याकाळपर्यंत सानगडीत कुणाला कळायचं राहिलं नाही.

"माह्या सुनेनं माणूस बनवला," रुखमिणीबाई बांधाबांधावर सांगत फिरल्या. "जेवत नाई, बोलत नाई, अन् पडत तं नाईच."

सत्यवतीबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. नवरा चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्यानं भंगारात निघालेल्या वायपरच्या दोन मोटरी आणून दिल्या. तेलाच्या पिप्याचं धड, तुपाच्या डब्याचं डोकं आणि पोटात स्कूटरची बॅटरी. खरी गोम छातीत होती. शाळेतल्या फुटक्या थर्मामीटरांचा पारा बाईंनी दोन काचनळ्यांत भरला होता. गडी पुढं झुकला की एका नळीतला पारा तारांना टेकायचा आणि चाकं पुढं धावायची. मागं झुकला की दुसऱ्या नळीतला टेकायचा आणि चाकं मागं यायची. तळहातावर उभी काठी सांभाळावी, तसा तो स्वतःला सांभाळत जागच्या जागी डुलायचा. अख्खा पावसाळा तो नुसता पडत होता. दिवाळीनंतर कुठं उभा राहू लागला.

नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवड करायला भंडाऱ्याहून पुंडलिकराव नावाचे परीक्षक शाळेत येणार होते. त्या दिवशी गडी व्हरांड्यात भिंतीला टेकवून बाई फाटकाशी त्यांना घ्यायला गेल्या. राखणीला रुखमिणीबाई बसल्या. एवढ्या मोठ्या पाहुण्यापुढं सुनेचा गडी उघडाबंब उभा राहणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी पिशवीतून आपल्या मालकांचा काळा कोट काढला, गड्याच्या अंगावर चढवला, गुंड्या लावल्या. आता पाहुण्याला पान-सुपारी नको? कोटाच्या पुढच्या खिशात त्यांनी भरलेला पितळी पानडबा ठेवून दिला.

परत आल्यावर सत्यवतीबाईंना गड्याच्या अंगावर कोट दिसला. पण परीक्षकांदेखत सासूला काय बोलायचं? कोटाखाली हात घालून त्यांनी पाठीवरचं बटण दाबलं.

गडी उभा राहिला. थोडा डुलला. आणि पुंडलिकरावांच्या दिशेनं निघाला.

"बाई, हा जागेवर उभा राहते म्हणलं होतं ना तुम्ही?" पुंडलिकराव एक पाऊल मागं सरले. "हा तं येऊन राहिला."

"पाहुण्याले सामोर जाते थो," रुखमिणीबाई म्हणाल्या. "रीतभात आहे त्याले."

पुंडलिकराव मागं सरत गेले, गडी पुढं येत गेला. सायकली चढवायच्या उतारावर त्याला वेग आला आणि दोघंही त्याच क्रमानं फाटकाबाहेर पडले. बाईंनी मागून कोट धरला. त्यासरशी गडी मागं झुकला आणि उलटा त्यांच्याच अंगावर आला. त्यांनी घाबरून कोट सोडला, तशी स्वारी पुन्हा पुढं.

"बटण दाबा ना, बटण," पुंडलिकराव ओरडले.

"पाठीवर आहे, साहेब."

"मंग दाबा पाठ."

"पाठीवर कोट आहे."

बाजाराचा दिवस होता. टमाटर विकणाऱ्या सीताबाईंनी टोपली उचलून वाट दिली. बैलांनी दिली. पुंडलिकरावांना मात्र बाजूला व्हायचं सुचत नव्हतं. ते भैय्यालालच्या दुकानापुढच्या धानाच्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले, तेव्हा कुठं सुटले. गड्याची छाती थप्पीला लागली. तो मागं झुकला, मागं आला, पुन्हा पुढं गेला, पुन्हा थप्पीला लागला. वर बसलेल्या परीक्षकांना तो वाकवाकून नमस्कार करतो आहे, असंच दुरून दिसत होतं. दोघा-तिघांनी तर हातही जोडले.

"काहून असा करून राहिला हा?" भैय्यालालनं विचारलं.

सत्यवतीबाईंनाही तेच कळत नव्हतं. पारा ठीक होता, तारा ठीक होत्या. एवढ्यात रुखमिणीबाई धापा टाकत पोचल्या.

"अवं, साहेबाले पान तं दे. त्याच्या सामोरच्या खिशात डबा ठेवला ना मी."

बाईंनी सासूकडं पाहिलं, मग खिशाकडं. हात घालून त्यांनी पानडबा बाहेर काढला. पुढचं वजन गेलं आणि गडी होता तिथं थांबला. चाकांखाली एक खड्डा, एक ढेकूळ; तरी तो ताठ उभा, जरासा डुलत. पावसाळाभर ज्याची वाट पाहिली ते असं भरबाजारात दिसताना सत्यवतीबाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बॅटरी संपली. गडी हळूहळू कलला आणि पोत्यांवर आडवा झाला.

"पडला," पुंडलिकराव म्हणाले.

"पडला नाई, साहेब. टेकला," रुखमिणीबाई म्हणाल्या. "एवढं चालल्यावर माणूस टेकते. तुमी नाई का टेकले?"

पुंडलिकरावांनी आपण कुठं बसलो आहोत ते पाहिलं आणि ते पोट धरून हसले. "बाई, टेबलावर उभं राहणारं लय पाहिलं मी. शाळेतून निघून पुरा बाजार पार करून आलेलं आजच पाहिलं. घेऊन या नागपूरले."

रुखमिणीबाईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "मी भी येतो नागपूरले."

"तुम्ही कायले, आई?" बाईंनी घाईनं विचारलं.

"कायले म्हणजे? थो तिथं टेकला, तं लोकाइले समजावून सांगाले कोणी पायजे ना."