चौथ्या माळ्यावरची होडी

एस्तेरबाई साळवे बेल वाजवत नाहीत. आमच्या दाराला चिमण्यांच्या आवाजाची चांगली महागडी बेल आहे. पण समोरच्या फ्लॅटमधून निघायचं, आमच्या दारासमोर ताठ उभं राहायचं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडायचं, "होडी!" ही त्यांची रीत. मी एकदा बेलकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या, "बेल म्हणजे हुकूम, सुधीर. माणसानं विचारावं आणि उत्तराची वाट बघावी."

बाई मूळच्या नगरकडच्या. अर्धं आयुष्य ख्रिस्ती मिशनच्या कामात, टांझानियातल्या खेड्यांतून फिरण्यात गेलेलं. आज या गावात प्रार्थना, उद्या पुढच्या गावात बायकांना शिवणकाम, परवा तिसरीकडेच कुणाच्या तरी बाळंतपणात गरम पाणी द्यायला हजर. तिकडचा मोठा पाऊस सुरू झाला की रस्त्यांची वाट लागते, मोटारसायकलसुद्धा चालत नाही. तेवढे दोन महिने त्या मुंबईत चारकोपला, आपल्या वारलेल्या भावाच्या फ्लॅटमध्ये येऊन राहतात. लग्न का केलं नाही, असं माझ्या बायकोनं, मंजिरीनं, एकदा धीर करून विचारलं होतं. "वेळच झाला नाही, खचित सांगते," एवढंच उत्तर मिळालं.

हे "खचित" त्यांनी चर्चच्या जुन्या मराठीतून उचललेलं. भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. "ही मेथी खचित कालची आहे," म्हटल्यावर तो बिचारा "क्या बोली मॅडम?" करत माझ्याकडे बघतो.

पहिल्यांदा त्या दारात आल्या, तेव्हा आमची आई बांगडे तळत होती. आईचं माहेर मालवणचं, घर समुद्राला लागून. बाहेरून "होडी!" अशी आरोळी आल्यावर ती हातात झारा घेऊन धावली.

"खंय इली होडी? चवथ्या माळ्यार?"

बाईंनी शांतपणे समजावलं. स्वाहिली भाषेत "होडी" म्हणजे "आत येऊ का?" घरातल्यांनी "करिबू" म्हणायचं, मग पाहुण्यानं पाऊल टाकायचं. तीनदा विचारून उत्तर आलं नाही तर गुपचूप परत फिरायचं. आईचं सगळं लक्ष तव्यावरच्या बांगड्यांवर. तिला त्यातून एवढंच कळलं की या बाईचं नाव करिबू आहे.

झालं! तेव्हापासून आमच्या घरात "गो करिबू, च्या घेतंस?" आणि "करिबू, कुर्ल्यो केलंय, जेवूक ये." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा आईची चूक सुधारायला निघालो, तर एस्तेरबाईंनीच मला बाजूला घेतलं. "करिबू म्हणजे 'या, स्वागत आहे.' ताई मला दिवसभर या या म्हणतात आणि तू ते बंद करणार? शहाणाच आहेस!"

सोसायटीचे सेक्रेटरी पाठक यांना मात्र मिशन या शब्दाचीच धास्ती. त्यांनी बाईंना जिन्यातच गाठलं. "हे बघा बाई, आपल्या बिल्डिंगमध्ये प्रचारबिचार चालणार नाही हं."

"खचित नाही," बाई म्हणाल्या. "जुना चष्मा आहे का तुमच्याकडे?"

तिकडच्या म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवायला चष्मे लागतात, म्हणून बाई दर वर्षी जुने चष्मे गोळा करून नेतात. पाठकांनी दोन दिले. पुढच्या वर्षी सासूबाईंचाही आणून दिला. त्या तो अजून वापरत होत्या, हे नंतर कळलं.

यंदा मात्र मिशननं अट घातली. डॉक्टरांनी पास केलं तरच पाठवणार. बाईंना काडीची शंका नव्हती. सराव म्हणून त्यांनी लिफ्ट सोडली, दिवसातून चार वेळा चार माळे चढू लागल्या. तपासणीला मी सोबत गेलो होतो.

"आजी, आता तो प्रवास नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीवर फार ताण आहे."

"अहो, मी रोज चार माळे चढते!"

"कळतंय ते रिपोर्टवरून."

परत आल्यावर त्या जिन्याकडे न वळता लिफ्टमध्ये शिरल्या.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. टांझानियातल्या गावकऱ्यांना कळवायचं होतं, आणि त्यांच्या घरात वायफाय नाही. फोन स्पीकरवर लावला. तिकडे नुसतं "कसे आहात" म्हणून भागत नाही. रात्र कशी गेली, पीक कसं, घरचे कसे, हे सगळं झाल्याशिवाय मुद्द्याला हात घालायचा नसतो. फोन तिकडे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होता. त्या अगम्य भाषेत मला अचानक माझं नाव ऐकू आलं. मग मंजिरीचं. मग "ताई", आणि बाईंनी स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन!

मी बघतच राहिलो. बाईंनी फोनवर हात ठेवला. "घरचे कसे, विचारतात रे. दर वेळी विचारतात. मी तुमचीच नावं सांगत आले. तुम्हाला न विचारता." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं समोर राहून हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी येणार नसल्याचं सांगितलं असावं. पलीकडचा गलका थांबला. एका म्हातारीनं हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि एस्तेरबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"काय म्हणता गो ती?" आईनं विचारलं.

"म्हणते, तिथे एकटीच राहणार का?"

आईनं सरळ त्यांच्या हातातून फोन घेतला आणि मालवणहून बोलत असल्यासारखी ओरडली, "मी तिची भयण बोलतंय! मी आसंय हय! काळजी करू नकात!"

तिकडे कुणाला काही कळणं शक्यच नव्हतं. बाईंनी फोन परत घेतला, पदरानं डोळे पुसले आणि आईचं बोलणं स्वाहिलीत सांगितलं. पलीकडे एकच जल्लोष उसळला, टाळ्या, हसणं, बायकांचे उंच हेल.

"नीट ऐकू गेलं नाही त्यांना," बाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, सांगितलं.