यार्देनचा लाइफगार्ड जेवायला गेलाय

‘पवित्र भूमीच्या यात्रेकरूंनी सकाळी अकरा वाजता जबल अली येथील गोदामाच्या मागील गेटवर हजर राहावे. ओळखपत्र व बंद बूट अनिवार्य,’ असा ईमेल पप्पांना आला आणि आमच्या घरात भक्तिमय वातावरण पसरलं.

यात्रेकरू म्हणजे माझी कमलिनीआत्या. नगरहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आलेली आणि उद्या परत निघणारी. तिचे यजमान, आमचे भानुदासमामा, गेल्या वर्षी गेले. मामांनी जन्मभर चर्चमध्ये पेटी वाजवली आणि जन्मभर एकच धोशा लावला: येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी एकदा बघायची. ते काही जमलं नाही. मग जाता जाता आत्याकडून वचन घेतलं की तू तरी जा, काठावर उभी राहा आणि माझं नाव घेऊन एक प्रार्थना कर.

जॉर्डनची खरी सहल दोनदा रद्द झाली. तेव्हा पप्पांनी, ते कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये असल्यामुळे, पर्यायी साइट शोधली. ‘बायबलभूमी एक्सपीरियन्स’.

“ताई, बेथलेहेमपासून कबरेपर्यंत सगळं एका छताखाली. फुल एसी! खऱ्या ठिकाणी एवढी सोय नाही.”

“नदी आहे ना रे सतीश?”

“आहे म्हणजे? फिल्टरवाली आहे!”

गेटवर फिझा नावाची हसरी मुलगी भेटली. तिच्या बिल्ल्यावर ‘यात्रेकरू आनंद अधिकारी’ असं लिहिलेलं. तिने आधी आत्याच्या चपलांकडे पाहिलं.

“आंटीजी, सेफ्टी शूज पहनने पडेंगे. वेअरहाउस है ना.”

“अगं पण पवित्र भूमीवर पायातलं काढायचं असतं,” आत्या म्हणाली. “मोशेला देवाने स्वतः सांगितलंय.”

फिझाने गंभीरपणे टॅब्लेटमध्ये पाहिलं. त्या नावाने कुणाला सूट दिल्याची नोंद नव्हती. मग आत्याने नऊवारीखाली कंपनीचे पायमोजे आणि लोखंडी टोपीचे काळे बूट घातले आणि खाडखाड करत पवित्र भूमीत पाऊल टाकलं. सीरियसली, मोस्ट आयकॉनिक लुक एव्हर.

पहिलं ठिकाण बेथलेहेम. दाराशी लाल दिवा.

“सॉरी, बेथलेहेम फुल है. स्लॉट नहीं है.”

पप्पा भडकले. “ऑनलाइन बुकिंग आहे आमचं!” पण आत्या पहिल्यांदाच खूश दिसली. म्हणाली, “ओरडू नकोस सतीश. हे अगदी बायबलप्रमाणे चाललंय. तिथे मरियेलाही जागा मिळाली नव्हती.”

गेथशेमाने बागेत प्लास्टिकची जैतुनाची झाडं होती आणि छान मऊ बाकं. पप्पा बसले आणि घोरायला लागले. फिझा म्हणाली, टेन्शन नको, इथे सगळेच झोपतात. आत्याने डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले, आणि ‘हे स्वर्गीय पित्या’ एवढं म्हणते न म्हणते तोच छतावरचा स्पीकर पिंग वाजला.

“आंटीजी, प्लीज! प्रार्थना नहीं.”

“म्हणजे?”

फिझाने अतिशय प्रेमाने समजावलं. कंपनीचं लायसन्स मनोरंजनाचं होतं. मनोरंजनाच्या जागी पूजापाठ झाला तर तो वापरबदल ठरतो, असं कंपनीच्या नियमावलीत स्पष्ट होतं. मात्र यात्रेकरूंच्या भावनांचा आदर राखून प्रार्थनेची पोझ घ्यायला परवानगी होती. “हाथ जोडिए, आँखें बंद कीजिए, फोटो लीजिए. बस होंठ नहीं हिलने चाहिए. कैमरे में आ जाता है.”

मी फोटो काढला. ओठ अजिबात हलले नव्हते. परफेक्ट होता.

आणि मग यार्देन. खरंच वाहत होती हो! निळी लाइट, पाठीमागे पडद्यावर कबुतर, घोट्याएवढं पाणी. आत्या थबकली. तिचा चेहरा असा झाला, की मी पण फोन खाली घेतला. ती पुढे झाली आणि काठाच्या चार हात आधी पिवळ्या रेषेवर फिझाने तिला अडवलं.

“इसके आगे लाइफगार्ड चाहिए. लाइफगार्ड लंच पे गया है.”

“अगं, घोट्याएवढ्या पाण्यात कोण बुडणार?”

“आज तक कोई नहीं डूबा, आंटीजी. क्यूँकि बिना लाइफगार्ड हम जाने ही नहीं देते.”

पप्पांनी घड्याळ पाहिलं. आम्ही थांबलो. लाइफगार्ड आला, ढेकर दिली, खुर्चीवर चढून बसला आणि आमचा स्लॉट संपल्याची घंटा झाली.

“मला फक्त त्यांचं नाव घ्यायचंय गं,” आत्या हळूच म्हणाली. “एक मिनिट.”

“एक्स्टेंशन अगले महीने का मिलेगा.”

“मी उद्या जातेय.”

“तो फीडबैक में लिख दीजिए ना!”

शेवटी रिकामी कबर. ती बंद होती. धोंड सरकवायची मोटर बिघडलेली. “टेक्निशियन आएगा, इन्शाल्ला,” फिझा म्हणाली. “तीसरे दिन पक्का खुल जाएगा.” आत्याने मान डोलावली. वाद घालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

बाहेर पडायच्या दाराला कडी नव्हती, तीन चेहऱ्यांची बटणं होती. आत्याने रडका चेहरा दाबला. दार उघडेना, कारण असमाधानी यात्रेकरूला बाहेर सोडता येत नाही, आधी त्याचं समाधान करावं लागतं, आणि समाधान विभाग आज बंद होता. पप्पांनी तिचं बोट धरून हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं. खलास, दार उघडलं. आत्याच्या हातात ‘प्रमाणित आनंदी यात्रेकरू’ असं सर्टिफिकेट पडलं.

पप्पा गाडी आणायला गेले. गोदामाच्या मागे एसीच्या पाइपातून पाणी गळून वाळूत छोटंसं डबकं झालं होतं. आत्याने ते बूट काढले, पायमोजे काढले आणि सरळ त्या डबक्यात जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर. तिचे ओठ हलत होते. “भानुदास” एवढंच मला ऐकू आलं. शेजारी कंपनीची बस घरघरत उभी होती, तिचा ड्रायव्हर इद्रीस खाली उतरणार होता. त्याने इंजिन बंद केलं आणि दारातच थांबला. पाइपाची टपटप तेवढी चालू होती. शेवटी आत्या ‘आमेन’ म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग हसली. बटण न दाबता.

“ओ माय गॉड, आत्या!” मी ओरडले. “मी रेकॉर्डच नाही केलं! परत कर ना, प्लीज. पदर सेम. आणि थोडं रड.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. “ती प्रार्थना झाली गं त्यांची. आता करते ती तुझ्यासाठी,” म्हणाली आणि पुन्हा हात जोडले.

ओठ हलले नाहीत.

तो व्हिडिओ तुफान चालला. नगरपासून न्यू जर्सीपर्यंत ‘आमेन’चा पाऊस. पाळकसाहेबांनी तो रविवारी मोठ्या पडद्यावर दाखवला म्हणे. पहिली प्रार्थना मात्र माझ्याशिवाय एकट्या इद्रीसने पाहिली, आणि त्याच्याकडे काही पुरावा नाही.

तुम्हाला लिंक हवी असेल ना? थांबा, पाठवते. वाटलंच होतं मला.