पाव्हण्यांनी धरलेली जागा

बाज न्यायची की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. रामहरीनं तो ‘न्यायची’ असा सोडवला आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

तामलवाडीच्या रामहरीच्या घरातून आजवर ज्या सहली निघाल्या त्या सगळ्या देवाच्या. येरमाळ्याला येडाई, येडशीला रामलिंग आणि तुळजापूर तर काय, जवळच. (रामलिंगाच्या माकडांनी एकदा त्याच्या हातातली केळी सोडून डोक्यावरची टोपी नेली होती. केळी कच्ची होती, हे माकडांना कळलं होतं, रामहरीला नव्हतं.) यंदा मात्र लेक समृद्धी हटून बसली. “पप्पा, औंदा समुद्र. देव नको.”

“देव नको” ऐकून तिच्या आजीनं, म्हणजे रामहरीच्या सासूबाई द्वारकाबाईंनी, दोन्ही कानांना हात लावले. सासरवाडी गावातच असल्यामुळं सासूबाई कुठलंही बोलणं ऐकायला वेळेवर हजर असत. त्यात शिवकन्येनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, “माज्या आईबापानं जल्मात समुद्र बघितला न्हाय. न्यायचं तर समद्यांला न्यायचं.”

रामहरी लगेच ‘हो’ म्हणाला. बायकोच्या धाकानं म्हणाला असं कुणाला वाटेल, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. रामहरी पाण्याच्या खात्यात कारकून. तालुक्यातल्या तलावांत पाणी किती उरलं, ते वर कळवायचं हे त्याचं काम. जावई पाण्याच्या खात्यात, म्हणून सासऱ्यांनी, रामकिसनरावांनी, मोठ्या विश्वासानं त्याला शेतात बोअरची जागा दाखवायला सांगितली होती. रामहरीनं तळहातावर आडवा नारळ ठेवून सगळं शिवार पालथं घातलं. नारळ उभा राहिला, तिथं खूण केली. बोअर पाडलं, धुरळा निघाला. दुसरीकडं नारळ उभा राहिला, तिथंही धुरळा. तिसऱ्या बोअरच्या वेळी तर नारळ असा टुणकन उठला की बघणारे बाजूला झाले. त्या बोअरचा धुरळा सगळ्यात बारीक होता.

तेव्हापासून रामकिसनरावांनी जावयाचा अपमान कधी केला नाही. फक्त जेवताना कुणी म्हणालं, “तांब्या कुठंय?” की ते शांतपणे म्हणत, “पाव्हण्यास्नी इचारू नका म्हंजे झालं.” बस, एवढंच. पण हे एवढंच गेली कित्येक वर्षं, सणावाराला, चारचौघांत. रामहरीला एकदाच, फक्त एकदाच, सासऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं की पाण्यातलं पाव्हण्याला कळतं. आणि त्यासाठी समुद्राएवढं पाणी दुसरीकडं कुठं मिळणार?

पण रामकिसनराव अडून बसले. “म्या बाजंबिगर झोपत न्हाय. गादीवर पाठ धरती.”

“मग बाज घेऊ की, मामा!” रामहरी म्हणाला.

झालं. जीपच्या टपावर सुंभाची बाज उलटी बांधली. चारी खूर वर करून ती अशी निघाली की वाटेतल्या प्रत्येक गावानं आधी तिच्याकडं बघितलं आणि मग आत कोण आजारी आहे ते शोधलं. जीपवाला बंडप्पा म्हणाला, “दवाखान्याची गाडी समजून समदे वाट द्यायलेत. असंच येत जावा.”

कोकणातल्या एका गावी सगळे सकाळी पोचले. नाश्ता करून किनाऱ्यावर आले, तर समोर हे एवढं पाणी! रामकिसनराव कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आन् ह्ये कुणाच्याच शेताला जात न्हाय?” द्वारकाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, गावाहून आणलेला नारळ समुद्राला अर्पण केला आणि विचारलं, “हितलं देऊळ कुटंय?”

तिकडं रामहरीची वेगळीच धावपळ चालली होती. येरमाळ्याच्या यात्रेत वाढलेला माणूस. जागा धरणं हे त्याच्या रक्तात होतं. यात्रेत आधी पोचलेला माणूस सतरंजी टाकतो, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतो आणि मग ती जागा त्याच्या बापाची. उशिरा आलेले मागं, उन्हात, बैलगाड्यांच्या चाकांत. इथं बघतो तर सगळे लोक लांब मागं सुरूच्या झाडांखाली कोंबून बसलेले, आणि पाण्याजवळची पुढची जागा सगळीच्या सगळी मोकळी!

“येडी हायत का काय ही माणसं?” तो खूश होऊन म्हणाला. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर त्यानं सतरंजी टाकली, चार दगड ठेवले, बाज मांडली, भाकरीचं गाठोडं ठेवलं. बाजेला छत्री बांधून सावली केली आणि तामलवाडीहून आणलेला पाण्याचा ड्रमही उतरवला. (समुद्राला जाताना घरून पाणी नेणारे आपण एकटेच, हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ‘परगावच्या पाण्याचा भरवसा नाही’ असं तो म्हणाला. हे वाक्य पुढं भलतंच खरं ठरलं.)

मागून सरबतवाली बाई ओरडली, “ओ दादा, तिकडे नका बसू हो! पाणी चढतं तिथवर!”

रामहरी हसला. खात्यातला माणूस अडाण्याला बघून हसतो तसा. “बाई, पाणी मागं सरायलंय. डोळ्यांनी दिसतंय की!”

“पप्पा,” समृद्धी म्हणाली, “भूगोलात आहे. याला ओहोटी म्हणतात. नंतर भरती येते.”

“भूगोल लिव्हणाऱ्यानं आपला तलाव बघितलाय का?” रामहरी म्हणाला. “दिवाळीपासून पाणी सरतंय ते सरतंयच. एकदा मागं गेलेलं पाणी मिरगाशिवाय माघारी येत न्हाय. हितं तर मे महिना चालू हाय. मागं सरलेल्या पाण्याच्या गाळात आपले लोक काकडी लावत्यात, काकडी!”

आणि मग त्यानं खात्याला शोभेल असं काम केलं. पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. थोड्या वेळानं सासऱ्याला हाताला धरून तिथं नेलं. पाणी काठीपासून चांगलं लांब गेलं होतं.

रामकिसनरावांनी काठीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. “व्हय. सरतंय खरं.”

आयुष्यात पहिल्यांदा! रामहरीचं ऊर असं भरून आलं की त्यानं जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली. रामकिसनरावांनी ठेचा, शेंगाची चटणी, दही असं सगळं रेटलं आणि बाजेवर अंग टाकलं. ते झोपले म्हणजे कानाशी हलगी वाजवली तरी कूस बदलत नसत. द्वारकाबाई शिवकन्येला घेऊन देऊळ शोधायला गावात गेल्या. बंडप्पा झाडाखाली जीपमध्ये घोरत पडला. समृद्धीला घोडागाडीत बसायचं होतं. तेव्हा रामहरीनं आपल्या धरलेल्या जागेकडं एकदा समाधानानं बघितलं आणि तो लेकीबरोबर गेला.

घोडागाडी किनाऱ्याच्या पार टोकाला गेली. तिथं समृद्धीनं शिंपले वेचले, वाळूचा किल्ला केला, उसाचा रस पिऊन झाला. परत येताना पोर गाडीत उभी राहिली.

“पप्पा, आपली सतरंजी पोहतीये.”

“खाली बस. पडशील.”

“पप्पा, ड्रमपण पोहतोय. आणि आबा पाण्यात झोपलेत.”

रामहरीनं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. (त्या वेळी किनाऱ्यावर मागं सरणारं पाणी तेवढंच.) चहूकडं पाणी होतं. मधोमध बाज, बाजेवर छत्री आणि छत्रीखाली रामकिसनराव, पोटावर हात बांधून, एखाद्या देवासारखे निवांत. झाडांखालची सगळी सहल मोबाईल काढून उभी होती. जागा झालेला बंडप्पा जीपच्या टपावर चढून ओरडत होता, “ओ पाव्हणं, तलाव भरला की तुमचा!”

रामहरीनं गाडीतून उडी टाकली. पाण्याच्या खात्यात इतकी वर्षं काढूनही त्याला पोहता येत नव्हतं. (तालुक्यातल्या तलावांत तशी गरज कधी पडली नव्हती.) पण पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं. तो धडपडत, चपला सोडत, ‘आई येडाई, आई येडाई’ करत बाजेपर्यंत पोचला. सुंभाला खालून पाणी लागत होतं. सासूबाईंनी सकाळी अर्पण केलेला नारळ परत आला होता आणि बाजेच्या खुरावर टकटक करत होता.

“मामा! मामा, उठा!”

“मोटार चालू झाली का?” रामकिसनराव डोळे न उघडता म्हणाले.

“न्हाय मामा, समुद्र आलाय!”

“बसायला सांग,” असं म्हणून ते कुशीवर वळले, तशी एक लाट त्यांच्या पाठीवरून गेली. ते ताडकन उठून बसले. सवयीनं वहाणांसाठी पाय खाली सोडले, ते पाण्यात गेले. त्यांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. मग जावयाकडं. रामहरीला वाटलं, त्या बघण्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रामकिसनराव बाज सोडायला तयार होईनात. बापजाद्याची बाज, समुद्राला देऊन कसं चालेल? आणि दुखऱ्या गुडघ्यांनी लाटेत उतरणंही होईना. शेवटी बंडप्पा आणि दोन मच्छीमार धावत आले. रामहरीनं चौथा खूर धरला आणि तोल जाऊ नये म्हणून आडव्या झालेल्या सासऱ्यासकट बाज खांद्यावर उचलून चौघं किनाऱ्याकडं निघाले. पुढं रामहरी, डोळ्यांत खारं पाणी, तोंडात ‘सावकाश, सावकाश’.

नेमक्या त्याच वेळी द्वारकाबाई देवळातून आल्या.

त्यांना एवढंच दिसलं: चौघांच्या खांद्यावर बाज, बाजेवर आपला नवरा आडवा, पुढं जावई रडतोय. हातातला प्रसाद खाली पडला आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की सरबतवालीच्या हातून बर्फ निसटला. “अवो माज्या धन्याऽ! देव नको म्हनलं तवाच म्या वळकलं व्होऽ!”

त्यांच्यामागं शिवकन्येनंही सूर धरला. अनोळखी बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. एका भल्या माणसानं टोपी काढली.

तेवढ्यात बाजेवरून रामकिसनराव कोपरावर रेलून उठले. “आगं गप! जित्ता हाय म्या!”

टोपी काढलेल्या माणसानं ती घाईघाईनं परत घातली.

संध्याकाळी सगळे झाडांखाली, अगदी मागच्या जागेत, दाटीवाटीनं बसले. सतरंजी गेली होती. भाकरीचं गाठोडं गेलं होतं. रामहरीच्या चपलाही गेल्या होत्या. ड्रम तेवढा मच्छीमारांनी आणून दिला, त्यातलं तामलवाडीचं पाणी शाबूत होतं. सरबतवाली बाई चहा देऊन गेली. रामहरी मान खाली घालून बसला होता. त्याला फार लाज वाटत होती. आता तांब्याबरोबर समुद्रही निघणार, दर सणाला, चारचौघांत.

“पाव्हणं,” रामकिसनराव म्हणाले.

“जी, मामा.”

“तुमी तीन जागा दावल्या. तिन्ही कोरड्या गेल्या.”

“जी.”

“म्या कदी बोललो का?”

“न्हाय, मामा.” (दुसरं काय म्हणणार?)

रामकिसनराव समुद्राकडं बघत होते. पाणी आता सकाळच्या काठीच्या कितीतरी अलीकडं येऊन उभं होतं. काठीचा पत्ता नव्हता. “पर आज तुमी दावलेल्या जागंला पानी लागलं. झोपल्या जागी लागलं, बाजंला लागलं. खोटं कशाला बोला?”

रामहरीनं मान वर केली. शिवकन्या नवऱ्याकडं बघत होती, द्वारकाबाई बघत होत्या, बंडप्पा बघत होता. पाया पडावं की काय, असा विचार करून रामहरी अर्धा उठलासुद्धा.

तेवढ्यात रामकिसनरावांनी ओली मिशी जिभेनं चाटली, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकले.

“पर खारट निगालं,” ते म्हणाले. “समृद्धे, त्या ड्रममधलं पानी दे गं बाळा. कुटं ठिवलाय त्ये पाव्हण्यास्नी इचारू नकोस.”