अर्ध्या आण्याचा पुठ्ठा

राज्यं येतात आणि जातात. सुट्ट्या पैशांची टंचाई टिकून राहते. दुसऱ्या महायुद्धात नाणी दिसेनाशी झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या दुकानदारांनी स्वतःची टोकनं काढली. पुठ्ठ्याची, क्वचित पितळेची. त्यांवर राजाचा चेहरा नसल्यामुळे लोकांचा चटकन विश्वास बसला.

बाबांनी अशी बासष्ट टोकनं जमवून एका वहीत लावली. (साठ पुठ्ठ्याची, एक पितळेचं, एक बहुधा बाटलीचं बूच.) संग्राहकाचे नियम कडक असतात: टोकन पुसायचं नाही, खर्चायचं नाही आणि त्याची किंमत बायकोसमोर उच्चारायची नाही.

सर्वांत मौल्यवान टोकन आमच्या पनवेलचंच होतं. आमचे किराणा दुकानदार मुश्ताकभाई, त्यांच्या आजोबांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं: ‘दुकानी आणल्यास अर्ध्या आण्याचा माल मिळेल.’ आजोबांचं अक्षर घरात दुसरं उरलं नव्हतं, म्हणून मुश्ताकभाई अकरा वर्षं ते मागत होते. बाबा अकरा वर्षं त्यांच्याकडूनच चहा पावडर घेत आणि नाही म्हणत. दोघांचे संबंध उत्तम होते.

२०१२ साली बाबा गेले. वहीच्या शेवटच्या पानांवर मला लिमलेटच्या सत्तावीस गोळ्या कागदासकट चिकटवलेल्या सापडल्या. प्रत्येकीखाली बारीक अक्षरात नोंद: ‘पनवेल. एक रुपयाऐवजी. मुश्ताक.’ बाबांना मधुमेह असल्यामुळे हे चलन सुरक्षित राहिलं, असा प्राथमिक अंदाज होता. तपासणीअंती अकरा गोळ्यांचे कागद रिकामे निघाले. अहवाल आईला सादर केलेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी पुठ्ठा घेऊन दुकानात गेले.

“मुश्ताकभाई, अर्ध्या आण्याचा माल द्या.”

त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“काकांनी दिला नसता.”

“म्हणून तर मी आलेय.”

“अर्ध्या आण्यात आज नुसता वास येतो, ताई.”

त्यांना नकार देता आला असता. सरकारने आदल्याच वर्षी चार आणे रद्द केले होते. पण मुश्ताकभाईंच्या आजोबांचा अर्धा आणा कोणीच रद्द केला नव्हता. त्यांनी दोन लवंगा तोलल्या (काट्याने दखल घेतली नाही), पुडी बांधली आणि पुठ्ठा गल्ल्यात न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मग मी चहा पावडर घेतली. एकोणपन्नास रुपये झाले. मी पन्नासची नोट दिली. त्यांचा हात सवयीने गोळ्यांच्या बरणीत गेला आणि तिथेच थांबला.

“काकांना चालायचं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.” मी हात पुढे केला.

घरी येऊन वहीत पुठ्ठ्याच्या रिकाम्या जागी मी ती गोळी लावली, खाली तारीख घातली. संग्रह पुन्हा बासष्ट.

आता हसू आलं असेल, तर जरूर हसावं. असे रुपये तुम्हालाही आयुष्यभर मिळाले आहेत. तुम्ही ते तिथल्या तिथे खाल्लेत आणि कागद दुकानाच्या पायरीवर टाकलेत. बाबांनी निदान कागद जपले.