मॉनिटर डावीकडून बघायचा असतो

कुठल्याही फोटो स्टुडिओत गेलात तर फोटोवाला म्हणतो, "हनुवटी थोडी वर." पनवेलच्या जुन्या बाजारातल्या 'हुबेहूब फोटो स्टुडिओ'त गेलात तर हिराकाका म्हणतात, "हात दाखवा." मग ते तुमचा हात मनगटाशी धरतात, कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी पांढऱ्या दिव्याखाली नेतात आणि एकदा हाताकडे, एकदा पडद्यावरच्या तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. भविष्य वगैरे सांगत नाहीत. फक्त म्हणतात, "पडदा खोटं बोलतो. हात नाय बोलत." पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एका बाईंनी हात झटकून सोडवून घेतला होता. "अहो, मला परदेशी जायचंय, बांगड्या नाही भरायच्या!"

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. मी हिराकाकांवर जळतो, आणि आजपासून नाही, फार पूर्वीपासून जळतो. माझे वडील, म्हणजे हिराकाकांचा दामा, बसचे निवृत्त कंडक्टर. रोज संध्याकाळी करंजाडेच्या घरातून निघायचे आणि साडेपाचच्या ठोक्याला त्या स्टुडिओत, हिराकाकांच्या डाव्या हाताला ठेवलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. आठपर्यंत. वर्षानुवर्षं. पाण्याच्या प्रश्नावरच्या माझ्या सभेला ते एकदाच आले, तेही हिराकाकांना घेऊन. मी व्यासपीठावरून व्यवस्थेला जाब विचारत होतो आणि हे दोघं मागच्या रांगेत बसून माझ्या फ्लेक्सचा लाल रंग नारिंगी का आला यावर चर्चा करत होते.

आता हे दोघं त्या स्टुडिओत करायचे काय, ते सांगतो. आमच्या पनवेल-उरणच्या गावांत माणूस गेला की दहाव्याच्या आत भिंतीवर मोठा फोटो लागतो. घरचे लोक धावत येतात, हातात आधार कार्ड, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. त्यातल्या नखाएवढ्या तोंडातून हिराकाका अख्खा माणूस बाहेर काढतात. नाक-डोळे मिळतात, पण रंग? तो माझे बाबा सांगायचे. त्या पट्ट्यातलं प्रत्येक तोंड त्यांनी तिकीट फाडताना दोन फुटांवरून पाहिलेलं.

"ही गव्हाणची बाय, हिरा. मासलीची पाटी घेऊन पहिल्या गाडीला असायची. कपाल उजळ, गाल रापलेले. तू उलटं केलंस."

हिराकाका माऊस फिरवायचे. "आली का?"

"अजून नाय."

पुन्हा माऊस. "आता आली का?"

बाबा मान तिरकी करून बघायचे. "हां. आता आली. आता बोलंल, सुट्टे नायत."

तेव्हाच फोटो छापायला जायचा. 'आला का' आणि 'अजून नाय', एवढीच त्या दोघांची भाषा. मी बाबांना माझं पहिलं पत्रक दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "अक्षरं बारीक हायेत." आणि कुणा परक्याच्या गालाकडे अर्धा-अर्धा तास बघायचे! हा अन्याय नाही तर काय?

गिऱ्हाइकांशी मात्र हिराकाका वाटाघाटी करत नाहीत. "जरा गोरा करा ना," असं म्हणणाऱ्याला ते विचारतात, "वर कुणी ओळखला नाय तं? परत पाठवतील, मग जेवायला कोण घालंल?" लोक हसतात आणि ऐकतात. हेच माझ्या डोक्यात जातं. मी पत्रकं घेऊन गावात शिरलो की लोक दाराआडून "घरात कुणी नाय" असं स्वतःच सांगतात. हिराकाका गेले की ओल्या बोंबलाचं कालवण पुढं येतं. प्रत्येक घरात भिंतीवर त्यांचं काम. आणि माझं काम? एका घरी मी ते सुक्या जवळ्याभोवती गुंडाळलेलं पाहिलं. माझी चौथी मागणी जवळ्याच्या बरोबर मधोमध होती.

असा सगळा हिशोब मनात साठलेला असताना गेल्या वर्षी बाबा गेले. आणि हिराकाकांनी आयुष्यातला एकमेव वाईट फोटो काढून दिला. माझ्या बाबांचा.

झालं असं की त्याच आठवड्यात त्यांचा जुना मॉनिटर बंद पडला. दहावा तोंडावर. त्यांनी घरचा टीव्ही उचलून आणला, वायर जोडली आणि त्यावर काम केलं. टीव्हीला काय, प्रत्येक गोष्ट भडक आणि निळसर दाखवायची हौस. हिराकाका तोंडावर लाली चढवत गेले, पडद्यावर ती दिसेना, कागदावर मात्र सगळी उतरली. आयुष्य उन्हात, धुळीत आणि डिझेलच्या धुरात काढलेला माणूस फोटोत एखाद्या एसी बँकेच्या मॅनेजरसारखा गुलाबी! आई हार घालायला उठली, थांबली आणि म्हणाली, "हे कोण बसलंय?" हिराकाकांनी दारातूनच भिंतीकडे पाहिलं आणि न जेवता निघून गेले.

आई तेव्हापासून त्या फोटोकडे न बघता हार घालते. सवयीने हात वर जातो, नजर खाली.

मी गप्प बसणारा नाही. स्टुडिओत जाऊन लेखी निवेदन दिलं. मागणी क्रमांक एक: नवा फोटो तत्काळ मिळावा. मागणी क्रमांक दोन: विलंबाची कारणं लेखी कळवावीत. हिराकाकांनी ते उजेडात धरून कागदाचा पांढरेपणा तपासला.

"देतो, नेते. आधी मॉनिटर येऊ दे."

"किती दिवसांत?"

"पटला की."

मी हे उत्तर ओळखतो. प्रत्येक कार्यालयात मला हेच मिळतं, तिथे मॉनिटरऐवजी साहेब असतात. मी पाठपुरावा सुरू केला. दर शनिवारी जायचो. दर शनिवारी मला आधी गळ्यातलं लाल उपरणं काढायला लागायचं, कारण हिराकाकांच्या स्टुडिओत रंगाला बंदी आहे. भिंती राखाडी, खिडकीचे पडदे राखाडी, ते स्वतः कायम राखाडी शर्टात. "लाल बाहेर ठेव. दामाच्या गालावर पडतं." माझी चळवळ पायरीवर चपलांशेजारी! आत उभं राहायचं. हो, उभं. हिरवी खुर्ची रिकामी असायची, पण तिच्यावर बसायची सोय नव्हती. एकदा एक नगरसेवक बसायला गेले तर हिराकाका म्हणाले, "मोडकी हाय." खुर्ची ठणठणीत होती.

मग एका शनिवारी म्हणाले, "नेते, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. चल माझ्याबरोबर." आता खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, त्यांच्या मित्राला तरी माझी गरज पडली. आम्ही चार महिन्यांत पनवेल, खारघर, वाशी, सगळी दुकानं पालथी घातली. मी अभ्यास करून गेलो होतो. मला ठाऊक होतं की खेळांसाठीचा पडदा वेगळा आणि फोटोसाठीचा वेगळा. चकचकीत नको, कारण आपलंच तोंड दिसतं. आयपीएस पॅनल हवा, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाही. कारखान्यातच रंग तपासून आलेला हवा. हे सगळं मी दुकानदारासमोर मुद्देसूद मांडायचो, आणि मी तिसऱ्या मुद्द्यावर असताना हिराकाका गायब व्हायचे.

कुठे? तर पडद्याच्या डाव्या बाजूला जाऊन गुडघ्यांत वाकून, उकिडवे बसल्यासारखे, तिथून वर बघत असायचे. प्रत्येक दुकानात, प्रत्येक पडद्याला. त्रेसष्टीचा माणूस, राखाडी शर्ट, काउंटरची कड धरून बसलेला. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जायची.

"काका, काही पडलं का?" पोरगेलासा सेल्समन विचारायचा.

"नाय. इथनं बघतोय."

"पण तिथून कोण बघणार? तुम्ही तर समोर बसणार ना?"

हिराकाका उठायचे, मला म्हणायचे, "हात," आणि माझा हात पडद्याशेजारी धरायचे. मी तज्ज्ञ म्हणून गेलेलो आणि वापर होत होता तो नमुना म्हणून!

वाशीच्या दुकानात एकाने कळस केला. वाकवलेला, बैलाच्या शिंगांसारखा मॉनिटर पुढे केला. "काका, हा घ्या! एकशे पासष्ट हर्ट्झ! चित्र सर्रकन हलतं!"

"बाळा," हिराकाका म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं हालत नायत."

शेवटी एक पटला. सत्तावीस इंची, सरळ, मठ्ठ दिसणारा, सरकारी खात्यासारखा. डावीकडून बघून, खालून बघून, माझ्या हाताशी लावून. सेल्समनने देवाला नमस्कार केला असावा.

स्टुडिओत आणून जोडला आणि बाबांची फाइल उघडली, तर काळा रंगच दिसेना. बाबांच्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, हिराकाकांनीच काढलेला. त्यातले बाबांचे काळे केस राखेसारखे. हिराकाका मटकन बसले. "हा पण खोटा निघाला."

"पडदा नाही, वायर," मी म्हणालो. माझा क्षण आला होता. "ही वायर टीव्हीची. कॉम्प्युटरला वाटतंय समोर टीव्ही आहे, म्हणून तो पूर्ण काळा पाठवतच नाहीये. हातचं राखून पाठवतोय. सेटिंग बदलूनही जमेल, पण तुमच्या मशीनला डिस्प्लेपोर्ट आहे, खास मॉनिटरच्या वायरीचं भोक. मागे बघा, प्लास्टिकचं टोपण घातलेलं. एवढी वर्षं कुणी उघडलंच नाही! मॉनिटरच्या खोक्यात दुसरी वायर होती, ती कुठंय?"

"खणात टाकली बघ."

मी खण उघडला. वर वायर होती. तिच्याखाली फोटोंचा गठ्ठा. सगळे बाबा. बोटभर रुंदीच्या पट्ट्या: कपाळ, गाल, कानशील. कुठे तांबूस, कुठे पिवळट, कुठे मातकट. चाळीस तरी असतील. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने तेच दोन शब्द: अजून नाय.

मी वायर घेतली, खण लावला.

टोपण काढलं, वायर बसवली. पडदा एकदा मिटला आणि उघडला. केस काळे झाले. त्या काळ्यामुळे कानाजवळचे पांढरेही उठले. हिराकाकांनी ओठ मिटून मान हलवली. चळवळीच्या इतक्या वर्षांत माझी पूर्ण मान्य झालेली ही पहिलीच मागणी.

मग त्यांनी तासभर माऊस चालवला. मी उभा. बाहेर बाजाराचा आवाज, मासळीवाल्यांची हाकाटी. मध्येच न बघता म्हणाले, "बस."

मी आजूबाजूला पाहिलं. स्टुडिओत रिकामी अशी एकच खुर्ची होती.

"मोडकी आहे ना?"

"बस रे."

मी बसलो. हिरवी खुर्ची ठेंगणी आहे, बसल्यावर माणूस एकदम खाली जातो. तिथून पडदा डावीकडून दिसतो, खालून दिसतो, तिरका दिसतो. एखाद्याने दुकानात काउंटर धरून उकिडवं बसावं, तितक्याच उंचीवरून. आणि तिथून बाबा जसेच्या तसे दिसत होते. रंग जराही ढळला नव्हता.

"हात."

मी हात पांढऱ्या दिव्याखाली धरला. हिराकाका एकदा हाताकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. "तोंड आईचं घेतलंस. हात दामाचा." मग माऊसवरचं बोट उचललं. माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत, एकदम हलक्या आवाजात विचारलं, "आला का?"

बाबा आले होते. चष्म्याच्या दांडीखाली, ऊन न पोचलेली ती उजळ रेघसुद्धा आली होती. ती मी विसरलो होतो. खरं म्हणजे ती मी कधी पाहिलीच नव्हती. हिराकाकांनी पाहिली होती. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर बाबांनी मलाच पुढे सरका म्हटलं असतं.

वर्षश्राद्धाला अजून अकरा दिवस होते. निवेदनात मी 'तत्काळ' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती.

"अजून नाय," मी म्हणालो.

हिराकाकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"कुठं चुकलं?"

"गाल," मी म्हणालो. "थोडे उजळ वाटतायत."

"हां," ते म्हणाले. "झालेत खरे." त्यांनी माऊसवर हात ठेवला, पण हलवला नाही. "मग उद्या बघू. साडेपाचला ये. आणि तुझं ते लाल घरीच ठेवून ये."