सात भावांचे दोन

कादंबरीवरून काढलेला सिनेमा बडोद्यात लागला, की आमच्या हरणी भागातल्या सोसायटीतले मोहितेकाका मूळ पुस्तक मांडीवर उघडून तो बघत. हातात बारीक टॉर्च. पडद्यावर एखादा प्रसंग गाळला, की अंधारातून आरोळी यायची, "पान खाल्लं!" नवखे प्रेक्षक घाबरून आपले कपडे तपासायचे. डोअरकीपर त्यांना खाली बसवायला धावत यायचा, "काका, बेसी जाओ ने!"

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. पुस्तकाचा हा अभिमान त्यांना काकूंमुळे जडला. सुलभाकाकूंनी ऐन संसारात, पोळ्या आटोपल्यावर बसून, तळ्याखालच्या एका राज्याची चार जाडजूड खंडांची अद्भुत कादंबरी लिहिली होती. ती फार कुणी वाचली नाही. काकांनी मात्र इतक्यांदा वाचली, की त्यातल्या राजघराण्याची भांडणं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखल्यादाखल सांगायचे.

आणि एक दिवस मुंबईहून एक तरुण दिग्दर्शिका आली. मूळची इथलीच, बडोद्याच्या घडियाळी पोळातली. लहानपणी तिच्या आईने तिला ही कादंबरी वाचून दाखवली होती, आणि आता तिला त्यावर सिनेमा करायचा होता. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं.

"सात राजपुत्र पडद्यावर ओळखू येणार नाहीत, काका. दोनच ठेवू या," ती म्हणाली.

"सात भावांचे दोन? आणि उरलेल्या पाचांना काय, कमाटीबागेत फिरायला पाठवू?"

"पुस्तकात वाचक महिनाभर राहतो. माझ्याकडे अडीच तास आहेत. राजाच्या मनातलं तुम्ही दहा पानं वाचता, मला फक्त त्याचा चेहरा दाखवता येतो."

"मग चेहरा दहा पानं दाखव!" काका कडाडले. "बेन, आमचे पणजोबा सरकारी फौजेत होते. त्यांनी ठाणं सोडलं नाही, मी प्रकरण सोडू?"

काकू शेजारीच बसून लिंबाचं सरबत ढवळत होत्या. त्या दिग्दर्शिकेने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा काकाच बोलले. शेवटी ती काकूंच्या पाया पडून निघून गेली. "वाचवलं तुझं पुस्तक!" काका विजयाने म्हणाले.

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. टीव्हीवर कुठलीशी जादूची नगरी चालू होती. काकू माझ्याशी बोलाव्यात तशा म्हणाल्या, "मला तळ्याखालचे दिवे बघायचे होते हो एकदा. लिहिताना नुसते अंदाजाने लावले होते."

काकांनी कप खाली ठेवला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी मुंबईला फोन लावला. दिग्दर्शिका आदराने बोलली. पण तिने दुसरा सिनेमा हाती घेतला होता, आणि निर्माताही आता मागे हटला होता.

हल्ली काका थिएटरात जात नाहीत. दुपारी गॅलरीत लाल पेन्सिल घेऊन बसतात आणि स्वतःच कादंबरी कापतात. कुणी मागितलेली नाही, तरी अडीच तासांत बसवायची म्हणतात. प्रत्येक काट मारण्याआधी काकूंना विचारतात.

परवा मी तिथेच होतो.

"ही वेशीवरची म्हातारी. एकाच पानावर येते. काढू?"

"काढा की," काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल टेकवली. मग पुन्हा उचलली.

"आजचा दिवस राहू दे तिला," म्हणाले, आणि हलकेच पान उलटलं.